एकटीचा फोटो

फोटो काढावयास बसलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हातांचा. हात कोठे ठेवावेत? एरवी दिवसभर निमूटपणे आपापली कामे करणारे हे दोन हात कॅमेऱ्यासमोर एकाएकी परके होतात. नवरा-नवरी असली म्हणजे प्रश्न सुटतो. फोटोग्राफर सांगतो, ‘हात हातात घ्या.’ आई आणि मूल असले तरी सुटतो. परंतु जी दोन माणसे एकमेकांची नवरा-बायको नाहीत, रक्ताची नाहीत, आणि तरीही एकमेकांवाचून ज्यांचा दिवस जात नाही, त्यांनी हात कोठे ठेवावेत? आणि कोणाचा हात त्या अर्थाने हातात घ्यावा असे ज्याला उभ्या आयुष्यात कधी वाटलेच नाही, त्या माणसाने काय करावे? आजचे माझे भाषण ह्या हातांच्या प्रश्नाविषयी आहे.

माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीचा अंबरनाथ स्थानकापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर फोटोचा स्टुडिओ आहे. तिचे नाव मी सांगणार नाही. हे भाषण करण्यापूर्वी तिची अनुमती मात्र घेतली आहे. मुलगी म्हणतो खरा, पण आज ती चौतीस वर्षांची आहे. लग्नसराईत तिला श्वास घ्यावयास फुरसत नसते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ह्या तिन्ही गावांतली लग्ने ती टिपते. अलीकडे लग्नाआधीच वधूवरांची छायाचित्रे व एक लहानसा चित्रपट काढून घेण्याची चाल पडली आहे. त्यासाठी जोडप्यांना घेऊन ती बदलापुरास उल्हास नदीच्या काठी, कोंडेश्वराच्या धबधब्याकडे, बारवी धरणाच्या वाटेवर हिंडत असते. ‘अजून थोडे जवळ या, तिच्याकडे बघा, आता हसा,’ असे ती दिवसातून शंभर वेळा म्हणते, आणि प्रीतीची अशी नामी चित्रे काढते की, ती पाहून वधूवरांच्या आईबापांचे डोळे ओलावतात. ह्याच मुलीला स्वतःला मात्र कोणाविषयी तशी ओढ आजवर कधीही वाटलेली नाही.

गेल्या माघात तिची आई माझ्याकडे आली. ‘गुरुजी, तुमचे ती ऐकते. तिला चार शब्द सांगा. तीन स्थळे तिने नाकारली. कोणी मनात आहे का म्हणून विचारावे, तर नाही म्हणते. कोणी फसविले का, तर तेही नाही. मग अडते कोठे?’ मी सांगतो म्हणालो. शिक्षकाचा स्वभावच तसा. चार शब्द सांगण्याची संधी तो सहसा सोडीत नाही. परंतु स्टुडिओत गेलो तेव्हा चार शब्द तिनेच मला सांगितले, आणि माझे तसेच राहून गेले.

ती म्हणाली, ‘गुरुजी, वर्गातल्या मुली ज्या वयात कोणा ना कोणासाठी झुरू लागल्या, त्या वयात मी त्यांच्या चिठ्ठ्या पोचवीत असे. मला वाटे, आपलीही पाळी येईल. सिनेमात दाखवितात ते एके दिवशी आपल्यालाही होईल. मी वाट पाहिली. तिशी उलटली. मग ध्यानात आले की, आपली गाडी चुकलेली नाही. आपल्याला त्या गावी जावयाचेच नाही.’

अशा व्यक्तीस इंग्रजीत ‘अ‍ॅरोमँटिक’ असा शब्द रूढ झाला आहे. आपल्याकडे त्यास ‘अप्रणयी’ म्हणता येईल. ज्या माणसास दुसऱ्याविषयी प्रणयाची ओढ वाटत नाही, किंवा फार क्वचित आणि विशिष्ट परिस्थितीतच वाटते, तो अप्रणयी. येथे दोन गोष्टी निरनिराळ्या ध्यानात घेतल्या पाहिजेत. शरीराचे आकर्षण वेगळे आणि प्रणयाची ओढ वेगळी. कोणास ह्या दोन्ही नसतात, कोणास एक असते व दुसरी नसते. हा रोग नव्हे, मनास बसलेल्या धक्क्याचा परिणाम असलाच पाहिजे असेही नव्हे, आणि अहंकार तर मुळीच नव्हे. अशी माणसे आईवर माया करतात, मित्रासाठी रात्र जागतात, शेजाऱ्याचे मूल खांद्यावर घेऊन दवाखान्यात धावतात. त्यांच्या अंतःकरणाच्या घरात एक खोली नाही, एवढेच. पण आपण त्यांच्या दारात उभे राहून त्याच एका खोलीची चौकशी करतो आणि ती नाही म्हणून घरच नाही असे ठरवून परततो.

ह्या मंडळींनी आपला एक ध्वजही केला आहे. त्यात हिरवा रंग प्रमुख आहे. प्रणयाचा रंग तांबडा मानतात, म्हणून त्याच्या उलट हिरवा. चौदा फेब्रुवारीच्या प्रेमदिनानंतरचा आठवडा ही माणसे आपली ओळख लोकांस व्हावी म्हणून पाळतात. हे मला सांगताना ती मुलगी हसू लागली. ‘गुरुजी, पाहा तर खरे! साऱ्या जगाने आमच्यासाठी हिरवा निवडला, आणि आपल्याकडे हिरवा म्हणजे नवरीचा चुडा!’ मीही हसलो. पण घरी येताना वाटले, एका मुलुखाची खूण दुसऱ्या मुलुखात उलट वाचली जाते, तसेच माणसाचेही होत असेल. ती एक सांगते आणि आपण भलतेच वाचतो.

वस्तुतः आपली भाषा ह्या बाबतीत दरिद्री नाही. माया, ममता, वात्सल्य, स्नेह, सख्य, जिव्हाळा, आपुलकी, लोभ, प्रीती हे सारे शब्द आपण वेगवेगळ्या जागी वापरतो आणि सहसा चुकत नाही. गायीच्या वासरावर आपण माया करतो, प्रीती करीत नाही. नवविधा भक्तीत सख्यास स्वतंत्र स्थान दिले आहे. पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असे लिहिण्याची आपली रीत आहे. ते पत्र मामास लिहिलेले असो की सावकारास! प्राचीन साहित्यशास्त्रकारांनी शृंगारास रसांचा राजा म्हटले हे खरे. भोजाने तर शृंगार हाच एक रस असे प्रतिपादन केले. पण त्याच परंपरेत भवभूतीने तो मान करुणास दिला, आणि पुढच्या पंडितांनी वात्सल्यासही रसांच्या पंक्तीत पाट मांडून दिला. म्हणजे वाद तेव्हाही होता.

उणीव आहे ती दुसरीकडे. लग्न न करणाऱ्या माणसासाठी आपल्यापाशी दोनच शब्द आहेत. एक तर तो ब्रह्मचारी, म्हणजे त्याने काही तरी मोठा त्याग केला. नाही तर तो बिचारा, म्हणजे त्याचे काही तरी मोठे हुकले. ज्याने त्यागही केला नाही आणि ज्याचे हुकलेही नाही, त्याच्यासाठी शब्द नाही. एलिझाबेथ ब्रेक ह्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिकेने २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या विवाहविषयक ग्रंथात ‘अमॅटोनॉर्मॅटिव्हिटी’ असा एक लांबलचक शब्द योजिला आहे. प्रत्येक माणूस प्रणयाच्या जोडीदाराच्या शोधातच असतो, तो मिळणे हेच आयुष्याचे साफल्य, आणि बाकीची नाती त्याच्या खालची, असे जे समाज गृहीत धरतो, त्यास त्यांनी हे नाव दिले. शब्द उच्चारावयास अवघड आहे; वस्तू मात्र आपल्या चांगल्या परिचयाची आहे. ‘अजून एकटाच?’ ह्या आपल्या नित्याच्या प्रश्नातील तो ‘च’ म्हणजेच ती वस्तू.

ही समजूत आपल्या मनात इतकी घट्ट बसली कशी? पुस्तकांनी बसविली, गाण्यांनी बसविली. पण डोळ्यांच्या वाटेने बसविली ती छायाचित्राने आणि चित्रपटाने. म्हणून त्या मुलीने हा प्रश्न छायाचित्रातूनच सोडवावयास घेतला आहे, ते मला योग्य वाटते.

आपल्या घरातला जुना आल्बम काढून पाहा. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ साली स्थापन झाली, इतकी ही कला आपल्याकडे जुनी आहे. पणजोबांच्या काळच्या जोडप्याच्या फोटोत पणजोबा खुर्चीवर आणि पणजीबाई बाजूस उभ्या, मध्ये हातभर अंतर. दोघांची दृष्टी समोर. त्यांचे एकमेकांवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? परंतु ते फोटोत दाखवावयाचे असते ही कल्पनाच त्या काळी नव्हती. आजोबांच्या फोटोत दोघे शेजारी बसली. वडिलांच्या फोटोत खांद्याला खांदा लागला. आणि आजची नवरा-नवरी नदीकाठी एकमेकांच्या डोळ्यांत पाहत उभी राहतात, कारण तसे उभे राहिलेले नायक-नायिका त्यांनी लहानपणापासून पाहिले आहेत. तात्पर्य, जवळिकीची जी खूण आपण निसर्गसिद्ध समजतो, ती चार पिढ्यांत शिकलेली खूण आहे. जी खूण शिकता येते ती बदलता येते, आणि तिच्या शेजारी दुसऱ्याही खुणा शिकता येतात.

चित्रपटाची गोष्ट तर याहून मौजेची आहे. रशियात लेव्ह कुलेशॉव्ह नावाचा दिग्दर्शक होऊन गेला. १९२०च्या सुमारास त्याने एक प्रयोग केला. एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि तोच तुकडा एकदा सूपाच्या बशीपुढे, एकदा शवपेटीपुढे आणि एकदा एका स्त्रीच्या चित्रापुढे जोडला. प्रेक्षकांना पहिल्या जोडणीत भूक दिसली, दुसरीत शोक, तिसरीत अभिलाषा! चेहरा तोच होता. भाव जो होता तो पाहणाऱ्याच्या मनातला. श्रोतेहो, एकत्र काम करणारे एक तरुण आणि एक तरुणी एका छत्रीतून जाताना दिसली की, आपण नेमके हेच करतो. चेहरा त्यांचा, आणि चित्रपट आपला.

तथापि मराठी चित्रपटाने नेहमीच एवढी कोती दृष्टी ठेविली असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रभात कंपनीचा ‘शेजारी’ हा १९४१ सालचा चित्रपट आठवा. व्ही. शांताराम ह्यांनी तो मराठीत आणि ‘पडोसी’ ह्या नावाने हिंदीत काढला. त्याच्या मध्यभागी उभी असलेली जोडी नायक-नायिकेची नाही. ती आहे दोन शेजाऱ्यांची, एक हिंदू आणि एक मुसलमान. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार ह्यांनी ह्या भूमिका केल्या. गावात धरण बांधले जाते, स्वार्थी माणसे दोघा मित्रांत फूट पाडतात, आणि अखेर धरण फुटते तेव्हा ते दोघे हातात हात घेऊन मृत्यूस सामोरे जातात. हातांचा प्रश्न तेथे कसा सुटला पाहा! दोन म्हाताऱ्या मित्रांचे ते हात पाहताना प्रेक्षकास दुसरी कोणतीही ओढ कल्पावी लागत नाही. मैत्रीच तेथे पुरेशी आहे.

आणि हे चित्र ज्या प्रभातमधून बाहेर पडले, तेथे असे सख्य पडद्यामागेही नांदत होते. विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल हे दोघे कोल्हापुरास बाबूराव पेंटरांच्या हाताखाली एकत्र वाढले, १९२९ साली प्रभातच्या संस्थापकांत दोघेही होते, आणि १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’वर दिग्दर्शक म्हणून दोघांची नावे जोडीने आली. १९४५ साली दामले वारले तेव्हाच ती जोडी फुटली. हे दोघे अप्रणयी होते असे मी मुळीच सुचवीत नाही. दोघेही संसारी गृहस्थ होते. मला म्हणावयाचे आहे ते इतकेच की, जिच्यावर माणसाच्या आयुष्याची इमारत उभी राहते ती जोडी दर वेळी लग्नाचीच असते असे नाही.

आपल्या अधिक जवळच्या काळातही असे उदाहरण आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर ह्यांनी १९८५ सालच्या ‘बाई’ ह्या लघुपटापासून तीन तपांच्या आसपास एकत्र चित्रपट केले. २०२१ साली सुमित्राबाई निवर्तल्या. वयात बरेच अंतर असलेल्या ह्या दोघांचे नाते होते एकत्र कामाचे आणि विचारांचे. त्यांच्या ‘कासव’ ह्या चित्रपटास २०१६ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याची कथा अशी की, जीव द्यावयास निघालेला एक तरुण जानकी नावाच्या एका बाईस सापडतो. ती त्याची आई नव्हे, आप्त नव्हे, प्रेयसी तर नव्हेच. ती त्याला कोकणच्या किनाऱ्यावरील घरी नेते आणि धीराने, काही न मागता, त्याची शुश्रूषा करते. तेथे समुद्रकासवांच्या अंड्यांचे रक्षण करण्याचे काम चालू असते. कासवी अंडी घालून समुद्रात निघून जाते; ज्यांचा तिच्याशी काडीचा संबंध नाही असे गावकरी ती अंडी राखतात. पुढे काही बोलावयास नको. नात्याचे नाव काय, हा प्रश्न त्या चित्रपटात कोणास पडत नाही. पाहणाऱ्यासही पडत नाही.

अप्रणयी माणसाचे नाव घेऊन उघडपणे त्याची कथा सांगण्याचे काम मात्र जपानात झाले. तेथील एनएचके ह्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२२ च्या आरंभी ‘कोइसेनु फुतारी’ ही मालिका प्रसारित केली. प्रेमात न पडणारी दोघे, असा त्या नावाचा भावार्थ. एक तरुणी आणि एक पुरुष, दोघांनाही प्रणयाची ओढ नाही. ती दोघे एकत्र बिऱ्हाड करतात आणि तात्पुरते म्हणून एक कुटुंब मांडतात. घरच्यांना ते पटत नाही. ज्यांना पटते त्यांना वाटते की, शेवटी ही दोघे एकमेकांच्या प्रेमात पडणारच! ती पडत नाहीत, हीच त्या कथेची प्रामाणिकता. त्याच वर्षी ‘सोबाकासु’ हा जपानी चित्रपटही निघाला. त्यातील नायिकेस आई लग्नासाठी भंडावून सोडते. अंबरनाथची आई आणि जपानची आई एकाच सुरात बोलतात, हे ऐकून आमच्या मुलीस मोठा धीर आला.

आता मला एक कबुली द्यावयाची आहे. ती दिल्यावाचून हे भाषण करण्याचा मला अधिकार नाही.

तीस वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो तेथे एक तरुण शिक्षक माझे सहकारी होते. सरळ, कष्टाळू, मुलांत रमणारे. त्यांच्या घरच्यांनी त्यांचे लग्न जमविण्याचे काम माझ्याकडे सोपविले. मी त्यांस विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘गुरुजी, मला तशी ओढ वाटत नाही. पूर्वी वाटली नाही, पुढे वाटेल असे दिसत नाही.’ मी हसलो. म्हणालो, ‘लग्न झाले की वाटते. आम्हांला तरी कोठे वाटत होती?’ मुलीचा फोटो पाकिटात घालून मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिला. मुलीच्या वडिलांनी मुलाचा स्वभाव विचारला, तेव्हा मी सांगितले, ‘थोडा लाजाळू आहे.’

लग्न झाले. घरात भांडण नव्हते, व्यसन नव्हते, उणा शब्द नव्हता. परंतु ती बाई सहा वर्षे एका गोष्टीची वाट पाहत राहिली, आणि ती गोष्ट त्या गृहस्थांपाशी नव्हती. शेवटी दोघे सामंजस्याने वेगळी झाली. त्यानंतर एकदा ती मला रस्त्यात भेटली. मी काही तरी सांत्वनाचे बोलू लागलो. तिने शांतपणे मला थांबविले आणि म्हटले, ‘गुरुजी, त्यांनी माझ्यापासून काही लपविले नाही. लपविले ते तुम्ही.’

इतकी वर्षे मी ते वाक्य घेऊन हिंडत आहे. दोन चांगल्या माणसांचे मी अकल्याण केले, आणि ते दुष्टपणाने नव्हे तर हसून. माणूस आपल्याविषयी एक खरी गोष्ट सांगत होता. मी ती लाजाळूपणाच्या पाकिटात घालून दुसऱ्याच्या हाती दिली.

तेव्हा ह्या खेपेस त्या मुलीला चार शब्द सांगण्याऐवजी मी तिची छायाचित्रे पाहत बसलो. गेली दोन वर्षे, लग्नसराई नसेल तेव्हा, ती आमच्या तिन्ही गावांत हिंडून जोडीने राहणाऱ्या पण जोडपे नसलेल्या माणसांचे फोटो काढीत आहे. उल्हासनगरच्या छावणीतल्या बराकीत जन्मलेल्या दोन सिंधी आजी आहेत. १९४७ च्या फाळणीत सर्वस्व सिंधमध्ये टाकून त्यांचे आईबाप कल्याणजवळच्या ह्या लष्करी छावणीत आले. १९४९ साली तिचेच उल्हासनगर झाले. दोघींची लग्ने झाली, दोघींना वैधव्य आले. परंतु आज कित्येक वर्षे त्यांचे संध्याकाळचे जेवण एका ताटात आहे. फोटोत दोघी एका मोठ्या परातीतले पापडाचे पीठ मळीत आहेत. अंबरनाथच्या ऑर्डनन्स कारखान्यातून निवृत्त झालेले दोन स्नेही आहेत. एकाची दृष्टी गेली आहे. दुसरा त्यास रोज सकाळी वालधुनीकाठच्या प्राचीन शिवमंदिरापर्यंत फिरावयास नेतो. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० सालचा लेख असलेल्या त्या मंदिराच्या भिंतीवरच्या मूर्ती तो मित्रास वर्णन करून सांगतो. फोटोत आंधळ्या गृहस्थाचा हात दगडावर आहे आणि मित्राचा हात त्याच्या मनगटावर. आणि बदलापूर स्थानकावर काढलेला दोन बायकांचा एक फोटो आहे. बावीस वर्षे एका लोकलने, एका डब्यातून जाणाऱ्या ह्या दोघी. एकीच्या आजारपणात दुसरीने तिच्या मुलाची दहावीची परीक्षा पार पाडली. एकीच्या हातात दोघींचे डबे, दुसरीच्या हातात दोघींच्या पर्स.

‘ह्यांपैकी कोणी माझ्यासारखे आहे असे नाही,’ ती म्हणाली. ‘कदाचित कोणीच नसेल. पण माझे आयुष्य ज्या नात्यांवर उभे राहावयाचे आहे, ती नाती खोटी नाहीत, हे मला आईला दाखवावयाचे आहे. शब्दांनी सांगितले तर ती रडते.’

सर्वांत शेवटी तिचा स्वतःचा फोटो होता. स्टुडिओतल्या त्याच पडद्यापुढे, जेथे नवदांपत्ये बसतात, त्याच दोन माणसांच्या कोचावर ती एकटी बसलेली. मी विचारले, ‘बाजूची जागा रिकामी का ठेवलीस?’ ती म्हणाली, ‘गुरुजी, ती रिकामी नाही. मी मध्यभागी बसले आहे. तुम्ही पुन्हा पाहा.’ मी पुन्हा पाहिले. ती खरोखरच मध्यभागी बसली होती. रिकामी जागा माझ्या डोळ्यांनी निर्माण केली होती. कुलेशॉव्हच्या प्रेक्षकांत मीही होतोच.

मी तिच्या आईस बोलावून ते फोटो दाखविले. तिने ते पुष्कळ वेळ पाहिले आणि मग जो प्रश्न विचारला तो ह्या साऱ्या प्रकरणातला खरा प्रश्न होता. ‘ते सगळे खरे, गुरुजी. पण माझ्यामागे हिचे कोण?’

श्रोतेहो, ह्या प्रश्नास हसू नये. लग्न हे आपल्याकडे प्रीतीसाठी जितके होते त्याहून अधिक ते ह्या प्रश्नासाठी होते. आजारात पाणी कोण देईल, इस्पितळात सही कोण करील, घर कोणाच्या नावे राहील? ह्यांची उत्तरे लग्नात आयती मिळतात. अविवाहितास ती आपल्या हाताने तयार करावी लागतात. पण ती तयार करता येतात. दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्र करून आपली मिळकत मित्रास देता येते. बँकेत नामनिर्देशन केले की काम संपले असा पुष्कळांचा समज असतो, तो बरोबर नाही; नामनिर्देशित माणूस सामान्यतः रक्कम स्वीकारणारा असतो, मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाने ठरते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यान्वये आपला प्रतिनिधी म्हणून नातेवाईक नसलेल्या सज्ञान माणसाचेही नाव लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये एका परिचारिकेच्या प्रसूतिरजेच्या प्रकरणात निकाल देताना म्हटले की, आई, बाप आणि मुले एवढीच कुटुंबाची कल्पना धरून चालणार नाही. अविवाहित सोबत हेही कुटुंबाचे रूप असू शकते. कायदा अजून पुष्कळ मागे आहे. पण आपण त्याच्याही मागे राहण्याचे कारण नाही.

आणि आणखी एक गोष्ट मी त्या आईस सांगितली. ‘वहिनी, लग्न झालेल्यांचे तरी मागे कोण असते? तुमच्या आजारपणात गेल्या वर्षी तुमच्यापाशी कोण होते?’ ती थांबली. तिच्यापाशी होती ती हीच मुलगी, आणि शेजारची एक बाई, जिच्याशी तिचे कोणतेच नाते नाही. ती म्हणाली, ‘मला अजून पुरते कळलेले नाही, गुरुजी. पण तिसऱ्या स्थळाच्या माणसांना मी नाही म्हणून कळवीन.’ एवढे पुष्कळ झाले. कळणे आणि थांबणे ह्यांत थांबणे अगोदर आले तरी चालते.

ज्यांच्या घरी लग्नाच्या वयाची मुले-मुली आहेत, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. ‘मला तशी ओढ वाटत नाही,’ असे मुलाने वा मुलीने सांगितले, तर हसू नका, आणि ‘पुढे वाटेल’ असे म्हणू नका. कदाचित वाटेलही, पण ते सांगण्याचा अधिकार त्याचा आहे. आणि तरीही कोणी सोबतीसाठी, घरासाठी, मुलांसाठी लग्न करू इच्छीत असेल, तर खुशाल करावे. मात्र समोरच्या माणसास ती गोष्ट आधी सांगितलेली असावी. ती मध्यस्थाने गिळू नये.

माझ्या त्या जुन्या सहकाऱ्यांस मी ह्या फाल्गुनात पत्र लिहिले. क्षमा मागितली आणि शेवटी रिवाजाप्रमाणे ‘लोभ असावा’ असे लिहिले. फक्त ह्या वेळी तो शब्द मी विचार करून लिहिला. आठ दिवसांनी ते स्वतःच आले. निवृत्तीनंतर ते बदलापुरास राहतात, सकाळी गल्लीतल्या मुलांना गणित शिकवितात, आणि त्यांच्या चर्येवर कोणत्याही दुःखाची छाया मला दिसली नाही. मी त्यांना स्टुडिओत घेऊन गेलो. आमच्या त्या मुलीने आम्हां दोघांस त्याच कोचावर बसविले. हात कोठे ठेवावेत हे आम्हांला कळेना. तिने थोडा वेळ आमची फजिती पाहिली आणि मग दोघांच्या हातांत चहाचे पेले दिले.

तो फोटो माझ्या टेबलावर आहे.